ओम्नीचं फ्लायव्हील : रिंग बदलली, फेस घासला, परत बसवलं

6 एप्रिल 2025, रविवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं कारण मागच्या दोन वर्षांत या गाडीचा सेल्फ (इंजन चालू करणारी मोटर) तीनदा दुरुस्त झालाय आणि दरवेळी वेगळ्या माणसानं वेगळंच कारण सांगितलंय, आणि काय काय बदललं त्याचा कागद माझ्याकडं एकही नाही.

गाडी आण्णांची, 1998 ची ओम्नी, कार्बोरेटरवाली, 796 सीसी तीन सिलिंडर. सेलूच्या मोंढ्यात माल न्यायला, आईला परभणीला दवाखान्यात न्यायला, सगळ्याला हीच. तक्रार अशी की चावी फिरवली की कधी कधी नुसता घर्रर्र आवाज येतो, सेल्फ फिरतोय पण इंजन फिरंना. मग आण्णा खाली उतरून गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून जरा पुढं-मागं ढकलतात आणि परत चावी मारली की पहिल्या झटक्यात चालू. आता सेल्फ खराब असता तर गाडी ढकलल्यानं तो नीट कसा होईल? हे मला कुणीच सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. इंजनच्या मागं फ्लायव्हील नावाचं जड चाक असतं, त्याच्या कडेला दात्यांची रिंग असते आणि सेल्फ ते दाते धरून इंजन फिरवतो. गाडी ढकलली की इंजन थोडं फिरतं म्हणजे सेल्फसमोर वेगळे दाते येतात. मग खोट दात्यांत आहे.

दुपारी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, सेल्फ उतरवला आणि त्या भोकातून टॉर्च मारून बघितलं. पुतण्याला क्रँकच्या (इंजनच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर पाना लावून हळूहळू फिरवायला सांगितलं. चांगले दाते, चांगले दाते, आणि मग एकदम सात-आठ दाते अर्धे खाल्लेले, एका बाजूनं तिरपे झिजून पार कोयत्याच्या पात्यासारखे. तिथं शाळेच्या खडूनं खूण केली. पुढं फिरवलं तर परत तसंच. आणि परत तिसऱ्यांदा. तिन्ही जागांमधले दाते मोजले तर अंतर सारखंच.

रात्री यावर लई वेळ वही घेऊन बसलो. तीन सिलिंडरच्या इंजनात दर 240 अंशाला एक स्फोट. इग्निशन बंद केलं की इंजन फिरत फिरत मंदावतं आणि शेवटी कुठल्यातरी सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आत दाबली जाणारी हवा, त्याला पुढं जाऊ देत नाही, तिथंच ते थांबतं. 240 अंशाच्या टप्प्यानं चाकावर खुणा केल्या तर बरोब्बर तीनच जागा येतात, एकमेकींपासून 120 अंशांवर. म्हणजे सत्तावीस वर्षं ही गाडी त्याच तीन जागांवर थांबली आणि सेल्फनं दरवेळी तेच दाते धरले. चार सिलिंडरच्या गाडीत अशा जागा दोनच असतात, समोरासमोर. हे कळल्यावर मला जे समाधान वाटलं ते शब्दात सांगता येणार नाही.

13 एप्रिल, रविवार

गिअरबॉक्स उतरवला. पिट नाही आपल्याकडं, वाड्याच्या अंगणात फरशीवर काम केलं. गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घेतली, गावातल्या वेल्डिंगवाल्याकडनं ते बनवून घेतले होते. बरेच जण विटांच्या थरावर गाडी ठेवतात, कृपा करून ते करू नका, वीट सांगून फुटत नाही आणि खाली आपण असतो.

ओम्नीचं बरं आहे की इंजन पुढच्या सीटखाली उभ्या बसवणीचं, गिअरबॉक्स त्याच्या मागं आणि मग मागच्या चाकांना जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट, त्यामुळं इंजन न काढता गिअरबॉक्स खालून निघतो. आधी गिअर ऑइल काढून घेतलं, नाहीतर शाफ्ट ओढला की मागच्या तोंडातून सगळं अंगावर. शाफ्टच्या फ्लँजवर पांढऱ्या पेंटनं खूण केली म्हणजे परत तसाच जोडता येतो. मग क्लच केबल, मीटरची केबल, रिव्हर्स लाईटची वायर, गिअरचा लिंकेज. इंजनच्या खाली चेंबरला (ऑइलच्या टाकीला) लाकडी फळी लावून जॅकचा आधार दिला, कारण गिअरबॉक्स निघाल्यावर इंजन मागच्या बाजूनं खाली बसतं.

शेवटचा वरचा बोल्ट निघंना. एक तास गेला. हात जातो तर पाना जात नाही, पाना जातो तर फिरवायला जागा नाही. शेवटी लांब एक्सटेन्शनला दोन जोड लावून गोटी (सॉकेट) बसवली तेव्हा कट्ट करून सुटला. ऊन असं की फरशीला पाठ टेकवायची सोय नव्हती, खाली ओलं पोतं टाकून काम केलं. संध्याकाळी साडेसहाला गिअरबॉक्स खाली आला.

14 एप्रिल, सोमवार

जयंतीची सुट्टी. सकाळी मिरवणुकीच्या तयारीला जाऊन आलो आणि दुपारी परत गाडीखाली.

प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी) काढायच्या आधी तिच्यावर आणि फ्लायव्हीलवर छन्नीनं एक एक बारीक टिंब मारलं. बोल्ट एकदम एकच सोडायचा नाही, समोरासमोरचे थोडे थोडे सोडत जायचं म्हणजे कव्हर वाकडं होत नाही. क्लच प्लेटचं अस्तर रिबिटापर्यंत आलंय.

फ्लायव्हीलचे बोल्ट सोडताना चाक फिरू नये म्हणून जुन्या पट्टीला टोक काढून ते रिंगच्या दात्यात अडकवलं आणि पट्टी बेल हाउसिंगच्या (फ्लायव्हील-क्लचवरच्या घंटेसारख्या कव्हरच्या) बोल्टला बांधली. बोल्ट सुटले तरी फ्लायव्हील क्रँकला धरून बसलेलं असतं. मी दोन बोल्ट दोन-तीन आटे लावून ठेवले होते, ते महत्त्वाचं. लाकडाच्या ठोकळ्यावरनं मागून ठोकत गेलो आणि ते एकदम सुटलं, पण बोल्टावर अडकलं. तेवढं लोखंड तोंडावर पडलं असतं तर काय झालं असतं याचा विचार नको.

फ्लायव्हीलचा फेस, म्हणजे क्लच प्लेट घासते ती बाजू, बघून वाईट वाटलं. निळे-काळे डाग, जागोजाग चमकणारे गोल, आणि मधोमध रिबिटांनी काढलेली एक खाच, नख अडकतं एवढी. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलमधनं तेल झिरपून खालच्या बाजूला काळा थर झालेला. क्लच सुटताना गाडी हिसके का मारायची तेही आज कळलं.

16 एप्रिल, बुधवार

शाळेतनं आल्यावर उस्तादांना दाखवायला नेलं. उस्ताद म्हणजे इथले सगळ्यात जुने मिस्त्री, आता नजर कमी झालीय म्हणून काम पोरं करतात. त्यांनी फ्लायव्हील मांडीवर घेतलं, अंगठा एकेका दात्यावरनं फिरवला आणि न बघता तिन्ही जागा बरोबर दाखवल्या. म्हणले, "दांते घिस गये बेटा, सेल्फ का क्या कसूर." मग मधल्या भोकात टॉमी (लोखंडी दांडी) घालून लटकवलं आणि हातोडीनं कडेला हलकेच मारलं. देवळातल्या घंटेसारखा आवाज लांबत गेला. तडा असता तर भद्द वाजलं असतं, म्हणले.

मी घरी आल्यावर अजून एक चाचणी केली, ही जुन्या वर्कशॉपातली आहे. फेसवर डिझेल लावून अर्धा तास ठेवायचं, मग फडक्यानं कोरडं पुसायचं आणि खडूची पूड पसरायची. तडा असेल तर आत मुरलेलं डिझेल पूड ओढून घेते आणि बारीक ओली रेघ उमटते. निळ्या डागांवर केसासारख्या दोन-तीन आखूड रेघा आल्या पण त्या वरवरच्या, कडेपर्यंत किंवा बोल्टाच्या भोकापर्यंत गेलेली एकही नाही. बोल्टाच्या भोकाला तडा गेला असता तर मी दुरुस्तीचा विचारच सोडला असता, कारण असं चाक फुटलं तर बेल हाउसिंग फोडून बाहेर येतं आणि ओम्नीत आपण त्याच्याच वर बसलेलो असतो.

पुतण्यानं विचारलं काका एवढं जड कशाला करतात हे. त्याला अंगणातली कडबा कुट्टी दाखवली. हातानं फिरवताना पातं पेंढीत शिरतं तेव्हा जोर लागतो, पण ते मोठं जड चाक एकदा फिरायला लागलं की स्वतःच्या जोरावर पेंढी कापून पुढं निघून जातं. इंजनातही तेच. एका सिलिंडरचा ढकलण्याचा घाव फार तर 180 अंश आणि पुढचा स्फोट 240 वर, म्हणजे मधले 60 अंश कुणीच ढकलत नाही. तेवढा वेळ गाडी फ्लायव्हीलच्या जिवावर चालते.

19 एप्रिल, शनिवार

आजचा दिवस वाया गेला, तरी सगळं लिहितो कारण दुसऱ्याचं नुकसान वाचेल.

जुनी रिंग काढायचं काम चांगलं झालं. रिंग नुसती तापवून आवळून बसवलेली असते, बोल्ट-पिन काही नाही. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत ड्रिलनं भोक मारायचं, पण आरपार फ्लायव्हीलपर्यंत जाऊ द्यायचं नाही, आणि मग तिथं छन्नी ठेवून घणाचा एक घाव. ठप्प झालं आणि रिंग ढिली पडली. काही जण सुचवत होते की तीच रिंग साठ अंश फिरवून परत बसवा म्हणजे चांगले दाते थांबायच्या जागेवर येतील, किंवा उलटी करा. फिरवणं चालतं, गरिबाघरचा चांगला उपाय आहे. उलटी करायची तर मात्र दात्यांना सेल्फच्या बाजूनं जो उतार दिलेला असतो तो पलीकडं जातो, मग पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) आत शिरायच्या ऐवजी दात्याच्या सपाट तोंडावर आपटतं. मी नवीनच आणली, परभणीहून.

चूक पुढं झाली. घाईत, पेपर तपासायचे राहिलेले म्हणून, एका दुकानात गॅस कटरनं तापवून घेतली. ज्योत एकाच जागी धरली, तिथं रिंग निळी झाली आणि पलीकडची बाजू जेमतेम गरम. टाकली तर एका बाजूनं बसली, दुसऱ्या बाजूनं दोन मिलिमीटर वर राहिली आणि तिथंच थंड होऊन आवळली. घणानं ठोकून खाली घ्यायला निघाले तेव्हा मी हात धरला.

निळा रंग म्हणजे साधारण 300 डिग्री. दात्यांना कडक करायला जे पाणी दिलेलं असतं ते तेवढ्या उष्णतेत उतरतं, दाते मऊ पडतात, आणि मऊ दाते सेल्फसमोर वर्षभर टिकणार नाहीत. फिकट पिवळा रंग येतो तिथं, 220-230 च्या आसपास, थांबलं पाहिजे. आणि मुख्य म्हणजे सगळी रिंग सारखी तापली पाहिजे. परत भोक, परत छन्नी. नवीकोरी रिंग दोन तासांत भंगारात. आण्णा काही बोलले नाहीत, नुसता चहा आणून ठेवला.

22 एप्रिल, मंगळवार

शाळेतनं रजा काढली. फ्लायव्हील गोणपाटात बांधून सकाळच्या गाडीनं सेलूहून जालन्याला. परतूर गेलं की कपाशीची मोकळी रानं आणि वर नुसतं ऊन. जालन्याच्या जुन्या एमआयडीसीत एक ग्राइंडिंगचं शॉप आहे, सळईच्या मिलांची कामं करतात, माझ्यासारख्या सुट्या माणसाचं काम घेतील का धाकधूक होती, पण घेतलं.

लेथवर नको, ग्राइंडरवरच करा असा माझा हट्ट होता. कारण जिथं निळे डाग पडलेत तिथं बिडाची आतली रचना बदलून ते काचेसारखं कडक झालेलं असतं. लेथचं टूल मऊ जागी कापतं आणि कडक जागी उडी मारतं, मग डागाच्या जागी बारीक उंचवटे राहतात आणि क्लच थरथरतो. ग्राइंडिंगचा दगड कडक-मऊ बघत नाही, वरनं पाणी सोडत सारखं घासतो. ऑपरेटर दादांना अजून एक विनंती केली की मागचा जो भाग क्रँकला बसतो त्याच्यावरनं लेव्हल घ्या, बाहेरच्या कडेवरनं नको. ते हसून म्हणले, "सर, ते तर करायचंच असतं." फेसवरच्या डॉवेल पिना (प्रेशर प्लेट जागेवर बसवायच्या खुंट्या) आधी काढून दिल्या होत्या.

पहिल्या पासला फक्त बाहेरची कडा उजळली, म्हणजे फेस मधून खोलगट झालेला. मग हळूहळू उजेड आत सरकत गेला. खाच गेली. डाग फिके होत गेले, शेवटी दोन राहिले, सावलीसारखे. एकूण 0.4 मिलिमीटर निघालं. अजून घ्यायचं का विचारलं, पण चाक पातळ करत गेलं की ते उष्णता कमी सोसतं, म्हणून थांबवलं. बोटानं त्या दोन जागा कुठं आहेत ते कळत नाही आता.

27 एप्रिल, रविवार

हा दिवस मी विसरणार नाही.

रिंग सारखी तापवायची तर चारी बाजूंनी बंद जागा पाहिजे, आणि गावात तशी जागा एकच, बेकरी. बेकरीवाल्या काकांची पोरगी माझ्या वर्गात होती. त्यांना सगळं समजावून सांगितलं, ते म्हणले टोस्टाचा घाणा निघाला की दुपारी ओव्हन रिकामाच असतोय, या घेऊन. रिंग आधी पेट्रोलनं धुऊन वाळवली, त्यांच्या ओव्हनला तेलाचा वास लागू नये म्हणून. फ्लायव्हील रात्रभर कुल्फीवाल्याच्या डीप फ्रीजरमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं.

हिशोब साधा आहे. पोलाद 200 डिग्रीनं तापलं की व्यासाच्या दर 100 मिलिमीटरला साधारण 0.24 मिलिमीटर फुगतं. आपल्या रिंगला म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास मोकळीक, आणि तेवढी पुरते. ओव्हनचा काटा 220 वर. काट्यावर विश्वास न ठेवता रिंगवर 60-40 सोल्डर वायरचे तीन तुकडे तीन जागी ठेवले, ती वायर 190 च्या आत वितळते. अर्ध्या तासानं दार उघडलं तर तिन्ही तुकडे एकाच वेळी पाऱ्यासारखे गोल थेंब झालेले. गॅस कटरनं जे झालं नाही ते इथं डोळ्यासमोर दिसत होतं. अजून दहा मिनिटं ठेवली.

फ्लायव्हील फरशीवर लाकडी पाटावर ठेवलं, त्याला सुटलेला घाम पुसून कोरडं केलं, उताराची बाजू कुठं येते ते खडूनं लिहिलं. काकांनी एका बाजूनं आणि मी दुसऱ्या बाजूनं सांडशीनं रिंग धरून आणली, थेंब झटकले, वर आडवी धरली आणि सोडली. टप्. बस, एवढाच आवाज. ठोकायला हातोडा पुतण्याच्या हातात तसाच राहिला. पाच-सहा सेकंदात ती आवळत गेल्याचा बारीक कटकट आवाज आला आणि सगळीकडं खांद्याला टेकलेली, फीलर गेजचं सगळ्यात पातळ पातं सुद्धा खाली जाईना. रंग जसाच्या तसा पांढरा, एका जागी जेमतेम पिवळट झाक. पाणी मारलं नाही, आपोआप थंड होऊ दिली. काकांनी पैसे घेतले नाहीत, वर पावशेर खारी बांधून दिली.

1 मे, गुरुवार

झेंडावंदन करून येऊन फिटिंगला सुरुवात. आधी क्रँकचं मागचं ऑइल सील बदललं. जुनं काढताना क्रँकवर स्क्रूड्रायव्हरचा ओरखडा येता कामा नये, तिथनंच नवीन सील गळतं. नव्याच्या ओठाला इंजन ऑइल लावून पाइपाच्या तुकड्यानं सगळीकडनं सारखं बसवलं. फ्लायव्हीलच्या मधलं छोटं बेअरिंग, ज्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक फिरतं, तेही नवीन.

क्रँकचं तोंड आणि फ्लायव्हीलची पाठ पॉलिश पेपरनं आणि पेट्रोलनं स्वच्छ. इथं एखादा कचऱ्याचा कण राहिला तर कडेला चाक कितीतरी पटीनं डगमगतं. बोल्ट आटे साफ करून, थ्रेडलॉक लावून, समोरासमोर तीन टप्प्यांत टॉर्क पान्यानं आवळले. मग चाक किती डगमगतं ते मोजायला डायल गेज लावला. क्रँक पुढं-मागं जरा हलतो म्हणून तो एका दिशेला दाबून धरूनच गेज वाचायचा, नाहीतर आकडा खोटा येतो. पुस्तकात मर्यादा 0.2 मिलिमीटर दिलीय, आपला आला 0.07. पुतण्याला तीनदा वाचायला लावला.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग नवीन. फेसला आता बोट लावायचं नाही असं सगळ्यांना बजावून पेट्रोलच्या कोऱ्या फडक्यानं शेवटचं पुसलं. प्लेट मध्यावर धरायला जुन्या गिअरबॉक्सचा शाफ्ट उस्तादांनी दिला.

4 मे, रविवार

गिअरबॉक्स चढवला. दोघांनी मिळून, ट्रॉली जॅकवर, दुसऱ्या प्रयत्नात गेला. न गेल्यास बोल्ट आवळून ओढू नका, क्लच प्लेट वाकते, शाफ्ट थोडा फिरवून त्याच्या खाचा प्लेटच्या खाचांशी जुळवा. 90 नंबरचं गिअर ऑइल भरलं. सेल्फचं पिनियनही नवीन टाकलं, कारण जुन्या दात्यांवर घासून त्याची तोंडं गोल झालेली, तेच ठेवलं असतं तर नवी रिंग वर्षात खाल्ली असती.

चालू करायच्या आधी बेल हाउसिंगवरचं रबरी बूच काढून टायमिंगची (ठिणगी कधी पडते त्याची) खूण बघितली, ती फ्लायव्हीलवरच असते. जागेवर आहे.

संध्याकाळी आण्णांना बसवलं. त्यांनी सवयीनं आधी चौथा गिअर टाकला ढकलायला, मग आठवलं. न्यूट्रल करून चावी फिरवली. एकच झटका आणि चालू. आई ओसरीवरनं म्हणाली, "आज आवाज वेगळाय गाडीचा."

18 मे, रविवार

412 किलोमीटर झाले. पहिले चार-पाचशे किलोमीटर चढावर अर्धा क्लच धरायचा नाही, ओझं भरायचं नाही असं ठरवलं होतं, आण्णांनी पाळलं. क्लच लोण्यासारखा सुटतो. केबल जरा ताणली होती, परत सोडून पेडलला मोकळीक दिली.

आज सेल्फ उतरवून टॉर्चनं दाते बघितले. पिनियन जिथं शिरतं तिथं उतारावर नुसती चमक आलीय, कडा शाबूत. थांबायच्या तीन जागा परत खडूनं नोंदवल्या, दिवाळीला उघडीन तेव्हा याच जागा बघायच्या. मधल्या आडव्या पावसानं अंगणात चिखल झाला होता म्हणून पोत्यावर बसून काम केलं. सेल्फचे दोन्ही बोल्ट आवळले, बॅटरी जोडली. आईची परभणीची तारीख मंगळवारी आहे, गाडी तिकडं जाईल.